मुलगी जेवत नाही, मग गोळी कशासाठी?

२०२५च्या मार्चमध्ये केरळमधल्या अठरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूची बातमी देशभर फिरली. वजन वाढेल या धास्तीने तिने जेवण जवळपास सोडलं होतं, डाएटचे सल्ले इंटरनेटवरून घेतले होते, आणि हा ॲनोरेक्सिया असावा असं डॉक्टरांनी सांगितलं. अशी बातमी आली की दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. पहिली म्हणतात, वैद्यकशास्त्र एवढं पुढे गेलंय, यावर एक गोळी निघू नये? दुसरी म्हणतात, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला मेंदूच्या गोळ्या कसल्या देता, दोन धपाटे घाला, जेवेल. दुसऱ्यांना उत्तर द्यायला वेळ लागत नाही: धपाट्याने हा आजार बरा झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पहिल्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आजारागणिक बदलतं.

## आजार एक नाही

खाण्याचे विकार म्हणतो तेव्हा मुख्यतः तीन आजार डोळ्यांसमोर असतात.

ॲनोरेक्सियात खाणं इतकं कमी होतं की वजन वयाच्या आणि उंचीच्या मानाने धोक्याच्या पातळीखाली जातं, आणि तरीही आरशात जाडच दिसतं. बुलिमियात थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं, हात थांबत नाही, आणि मग ते ‘काढून टाकायला’ घशात बोटं घालून उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास किंवा बेसुमार व्यायाम सुरू होतो. वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन करून त्याला नाव दिलं. तिसरा बिंज ईटिंग: खाण्याचा झपाटा तोच, लाज तीच, पण नंतरची उलटी वगैरे नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. हे आजार मुलींमध्ये जास्त दिसतात, पण मुलगेही सुटलेले नाहीत. जिममध्ये ‘कट्स’ काढायच्या नादात सुरू झालेलं प्रकरण घरात बरेचदा शिस्त म्हणून कौतुकाने पाहिलं जातं.

आता औषधांचा हिशोब. अमेरिकेच्या औषध नियामकाने म्हणजे एफडीएने बुलिमियासाठी एक औषध मंजूर केलंय, बिंज ईटिंगसाठी एक, आणि दोन्ही फक्त मोठ्यांसाठी. ॲनोरेक्सियासाठी आजवर एकही नाही. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. औषधाचा रकाना रिकामा आहे तो नेमका त्याच्याच पुढे.

## उपाशी मेंदूवर गोळी का चालत नाही

हे कळण्यासाठी १९४४ साली जावं लागतं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले आणि त्याऐवजी प्रयोगासाठी स्वतःहून आलेले हे तरुण होते. त्यांची मानसिक तपासणी आधीच झाली होती, सगळे ठणठणीत. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास आहार दिला, रोज साधारण सोळाशे कॅलरी. वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण खरी गंमत, गंमत कसली, मन थरारावं असा भाग वेगळाच होता. हे तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. थोडंसं अन्न तासन्‌तास पुरवून खायचे, ताटं चाटायचे. चिडचिड वाढली, उदासी आली, मित्रमैत्रिणी नकोशा झाल्या, डोक्यात चोवीस तास अन्नाचा विचार. प्रयोगानंतर पोटभर खायला मिळालं तेव्हा काहींचा हात थांबेना.

ॲनोरेक्सियाच्या मुलीचं वर्णन तिची आई करते तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी जशाच्या तशा ऐकू येतात: सगळ्यांसाठी केक करते, स्वतः खात नाही, एक पोळी पाऊण तास चालते, कुणाशी बोलत नाही. यातलं सगळं उपासमारीमुळे येत नाही, पण बरंचसं येतं, आणि ते अन्नानेच उतरतं.

नैराश्यासाठी सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना एसएसआरआय म्हणतात; फ्लुओक्सेटिन ही त्यातलीच. मेंदूच्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन एकमेकींना निरोप द्यायला वापरतात आणि मग परत शोषून घेतात. गोळी हे शोषणं अडवते, म्हणजे सेरोटोनिन जास्त वेळ कामी येतं. पण सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅनपासून आणि ट्रिप्टोफॅन येतं जेवणातून. टाकीत पाणीच येत नसेल तर गळती बंद करून काय मिळणार? शास्त्रज्ञांचा हा तर्क आहे, आणि अनुभव त्याच्याशी जुळतो: वजन खूप उतरलेलं असताना या गोळ्यांचा उपयोग झालेला दिसत नाही.

मग वजन भरून आल्यावर दिली तर? हाही प्रयोग झाला. न्यूयॉर्क आणि टोरांटोमध्ये ९३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात वजन परत आलेल्यांपैकी अर्ध्यांना फ्लुओक्सेटिन आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन दोन्हीकडे सारखं. निकाल २००६ मध्ये आला. आजार उलटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे टाकीचा तर्कही पूर्ण कहाणी सांगत नाही.

## भूक वाढवली तर?

आपल्याकडे पोर जेवत नसेल तर पहिली फेरी होते ती नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि चिठ्ठीवर येतं भूक लागायचं सिरप. या सिरपांपैकी अनेकांमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. मुळात हे ॲलर्जीचं औषध. झोप आणि भूक हे त्याचे दुष्परिणाम, आणि त्यातला दुसरा आपण कामाला लावलेला. १९८०च्या दशकात ॲनोरेक्सियावर त्याची रीतसर चाचणी झाली. नुसतं खाणं टाळणाऱ्या रुग्णांत थोडा फायदा दिसला, पण खाऊन उलट्या काढणाऱ्यांत उपचार उलट मागे पडले. तरीही बाटल्या संपत राहतात आणि महिने वाया जातात.

मानसोपचारातलं भूक वाढवणारं औषध म्हणजे ओलान्झापिन. हे स्किझोफ्रेनियासाठी आलं; वजन वाढणं हा त्याचा कुप्रसिद्ध दुष्परिणाम. पुदुच्चेरीच्या जिपमर रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर रोज अडीच मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी मात्रेत, हे औषध दिलं. २०२३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं.

आता हेच औषध ॲनोरेक्सियात पाहू. अमेरिका-कॅनडातल्या १५२ प्रौढ रुग्णांवर सोळा आठवडे केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. वजन वाढलं, पण औषध नसलेल्या गोळीपेक्षा महिन्याला जेमतेम अर्धा किलो जास्त. आणि शरीराविषयीच्या, अन्नाविषयीच्या विचारांत फरक पडला नाही.

माझ्या मते या दोन अभ्यासांना शेजारी ठेवलं की अर्धा विषय समजतो. कर्करोगाच्या रुग्णाला जेवायचं असतं, भूक लागत नाही. ओलान्झापिन भूक आणतं, तो जेवतो. ॲनोरेक्सियाच्या मुलीला भूक बहुतेकदा असतेच, निदान सुरुवातीला तरी, आणि तिला भीती त्या भुकेचीच वाटते. अशा मुलीला भूक वाढवणारी गोळी देणं म्हणजे तिची भीती वाढवणं. ‘याने वजन वाढतं’ हे नेटवर वाचून ती गोळी जिभेखाली धरून नंतर बेसिनमध्ये टाकली जाते, यात नवल काय?

किशोरवयीन मुलींवरचे अभ्यास तर बोटांवर मोजण्याइतके. ओलान्झापिनचा एक फक्त २० मुलींवर झाला. रिस्पेरिडोन या त्याच्याच जातीतल्या औषधाचा एक ४० जणींवर. दोन्हींत म्हणावा असा फायदा दिसला नाही. जिला वजन वाढू द्यायचंच नाही, ती अशा चाचणीला नाव का देईल?

## मग उपचार काय? ताट

१९८७ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाच्या गटाने एक अभ्यास छापला, आणि तिथून या उपचारांची दिशा बदलली. आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांपेक्षा जुना नसलेला असेल, तर एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा घरच्यांना बरोबर घेऊन केलेले उपचार जास्त चालतात, असं त्यात दिसलं. पुढे अमेरिकेत १२१ किशोरवयीनांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) उपचार संपून वर्ष झाल्यावर कुटुंब-गटातली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याने उपचार घेतलेल्यांतली २३ टक्के. आज उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्था डॉक्टरांना सांगते की ॲनोरेक्सियात निव्वळ औषधं हा उपचार म्हणून देऊ नका. मुलांसाठी पहिला पर्याय कुटुंबासह थेरपी, वर्षभरात साधारण १८ ते २० बैठका.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? पहिल्या टप्प्यात मुलीने किती आणि काय खायचं हे आईबाबा ठरवतात. ताट आई वाढते: दोन पोळ्या, उसळ, वरणभात, वर तूप, वाटीभर दही. मुलगी पोळीवरचं तूप टिश्यूने टिपते. भात ताटाच्या कडेला पसरवून कमी दाखवते. वरण पातळ कर म्हणते, मग रडते, मग म्हणते तुम्हाला मी जाड झालेली बघायचीय. बाबा उठून जात नाहीत. ओरडत नाहीत, ‘एवढं खाल्लंस तर मोबाइल देईन’ म्हणत नाहीत. शांतपणे पुन्हा सांगतात, आजार बोलतोय हे मला कळतंय, पुढचा घास घे. नंतर तासभर तिच्याबरोबर पत्ते खेळतात, म्हणजे बाथरूमकडे धाव नको. हे दिवसातून पाच-सहा वेळा, काही महिने. याला औषध म्हणतात हे लोकांना पटवून द्यावं लागतं, कारण ते बाटलीत मिळत नाही आणि आईची नोकरी त्यात पणाला लागते.

एक सावधगिरी. वजन फारच उतरलं असेल तर घरी एकदम भरपूर खाऊ घालायला जाऊ नये. बऱ्याच उपासानंतर अन्न झटकन वाढवलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. अशांचं खाणं रुग्णालयात, रक्ततपासण्या करत वाढवावं लागतं.

## बुलिमियात मात्र गोळीला जागा आहे

इथे चित्र बदलतं. १९९२ मध्ये ३८७ स्त्रियांवर आठ आठवडे फ्लुओक्सेटिनची चाचणी झाली. रोज ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत भरमसाट खाण्याच्या वेळा ६७ टक्क्यांनी कमी झाल्या, २० मिलिग्रॅमवाल्यांत ४५ टक्क्यांनी आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३३ टक्क्यांनी. नैराश्यात साधारणपणे २० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. बुलिमियाला त्याच्या तिप्पट लागतात. म्हणून चिठ्ठीवर तीन कॅप्सूल दिसल्या तर डॉक्टर चुकले असं समजू नका. आणि हो, हा परिणाम नैराश्य नसलेल्यांतही दिसतो; म्हणजे मन प्रसन्न झालं आणि म्हणून खाणं सुधारलं, एवढं सरळ ते नाही.

पण किशोरवयासाठी पुरावा विचाराल, तर ठळक नाव घ्यावं असा एकच छोटा अभ्यास आहे: १२ ते १८ वयाच्या दहा जणांचा, आठ आठवड्यांचा, तुलनेला दुसरा गट नसलेला. खाण्याचे झटके कमी झाले आणि गोळी सोसली, इतकंच त्यातून कळतं. त्यामुळे मुलांमध्ये बोलण्याचे उपचार आधी आणि गोळी त्यांच्या जोडीला, अशीच पद्धत आहे.

बिंज ईटिंगसाठी २०१५ मध्ये लिसडेक्सॅम्फेटामिनला मोठ्यांपुरती मान्यता मिळाली. मूळ औषध एकाग्रतेच्या विकाराचं, उत्तेजक वर्गातलं. व्यसनाचा धोका असलेलं. वजन कमी करण्यासाठी ते वापरू नये असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. आणि २०२५ मध्ये भारतात आलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोव्ही? यांपैकी कुठल्याही इंजेक्शनला खाण्याच्या विकारांसाठी मंजुरी नाही. ज्या मुलीच्या डोक्यात वजनाशिवाय दुसरं काही नाही, तिच्या हाती ती पडणं धोक्याचं.

## तरी ॲनोरेक्सियात डॉक्टर गोळी का लिहून देतात?

कारण हा आजार क्वचितच एकटा येतो. बरोबर नैराश्य असतं, चिंतेचा आजार असतो, किंवा ओसीडी: सतत तेच विचार, तेच तपासणं. यांतले काही वजनाबरोबर सुधारतात. जे उरतात त्यांच्यासाठी औषध हवंच. आणि काही मुलींची भीती इतकी टोकाची असते की घास तोंडाशी आला की अंग थरथरतं, रात्र कॅलरी मोजण्यात जाते. अशा वेळी कमी मात्रेत ओलान्झापिन दिलं जातं, विचारांची घरघर थोडी मंदावावी म्हणून. पुरावा दुबळा आहे, पण अनुभवी डॉक्टर ते तपासण्या करत, ठरावीक काळापुरतं वापरतात. मला यात काही वावगं वाटत नाही, जर घरच्यांना ‘ही वजनाची गोळी नाही’ हे स्पष्ट सांगितलं असेल तर. जेवणाआधी शांत करणारी अल्प्राझोलामसारखी गोळी देण्याचाही एक लहान अभ्यास झाला. मुलींना थकवा आला, जेवण वाढलं नाही. सवय लागते ती या जातीच्या गोळ्यांची. फ्लुओक्सेटिनची तशी लागत नाही, मात्र तीही मनानेच बंद करू नये.

## गोळ्यांनी आत्महत्येचे विचार येतात ना?

ही भीती हवेतली नाही. एफडीएने २००४ मध्ये मुलांवरच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या, साडेचार हजारांच्या आसपास मुलं. नैराश्याची औषधं घेणाऱ्यांत असे विचार किंवा वागणं ४ टक्क्यांत दिसलं, न घेणाऱ्यांत २ टक्क्यांत. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. तेव्हापासून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आहे, पुढे तो २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी वाढवला. अर्थ इतकाच की पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना मुलाकडे बारीक लक्ष हवं. एकाएकी अस्वस्थ झालं, झोप उडाली, विचित्र बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हेही ठेवा: ॲनोरेक्सियाने दगावणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एक आत्महत्येने जातो.

## हे आपल्याकडचं दुखणं आहे का?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या बाल-मानसोपचार विभागातल्या नोंदी २००७ मध्ये छापल्या. खाण्याच्या विकाराची ४१ मुलं सापडली. बहुतेकांना मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्या, थोड्यांना ॲनोरेक्सिया. हाँगकाँगमध्ये १९९०च्या दशकात अशा अनेक रुग्ण दिसल्या ज्या ‘जाड होईन’ म्हणतच नव्हत्या; पोट फुगतं, जेवण जात नाही, एवढंच म्हणत. मराठी घरातही ‘मला जातच नाही गं’ हेच वाक्य आधी येतं. शिवाय आपल्याकडे आडोसा तयार आहे: सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. उपास वाढत जातात आणि आजी शेजारणीला कौतुकाने सांगते. पुढे पाळी थांबते, मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेतात, हार्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं बरं. वजन तिथेच असतं, हाडंही तशीच ठिसूळ होत राहतात.

## डॉक्टरांना हे सांगाच

उलट्या. मुली हे सांगत नाहीत, आणि आई लाजेने गाळते. पण औषधाची निवड त्यावर ठरते. बुप्रोपिऑन हे नैराश्याचं आणि सिगारेट सोडवायचंही औषध. १९८०च्या दशकात बुलिमियाच्या रुग्णांवर त्याची चाचणी चालू असताना चौघांना फिट आली. तेव्हापासून बुलिमिया आणि ॲनोरेक्सियात ते वर्ज्य आहे. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, आणि तशा हृदयावर एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची साधी वाटणारी गोळीही ठोके बिघडवू शकते. जुलाबाच्या गोळ्या, ऑनलाइन मागवलेल्या ‘फॅट बर्नर’ पुड्या, भुकेचं सिरप, सगळं चिठ्ठीवर लिहून न्या.

कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मात्र मुलगी उभी राहताना चक्कर येऊन पडत असेल, नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली असेल, पाणीसुद्धा घेत नसेल, तर फोन करत बसू नका. थेट रुग्णालयात न्या, आणि गोळीचा विषय काढण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासायला सांगा.